नान्नजचा माळ, फॉरेस्टची हद्द आणि पर्यटन केंद्रं: जमिनीच्या वादांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातून बार्शी रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. इथला माळ म्हणजे माळढोक पक्षी अभयारण्य. त्याच माळाच्या कडेला लोकांची शेती आहे, वस्त्या आहेत, हुर्ड्याचे मांडव आहेत आणि फार्महाऊससाठी जमिनी शोधणारेही आहेत. हद्दीवरून वाद होतात ते इथेच. पर्यटन केंद्र चालवणारे, जमीन घेऊ पाहणारे, शेजारचे शेतकरी, मेंढपाळ आणि या माळावर जीव असणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. तुमच्या प्रकरणात शेवटचा सल्ला वकिलाचाच घ्या. पण वकिलाकडे जाताना कोणते कागद न्यायचे आणि काय विचारायचं, हे आधी माहीत असलं की निम्मा त्रास वाचतो.

पूर्वी अख्खे तालुकेच अभयारण्यात होते म्हणतात. हे खरं का?

खरं आहे, आणि आजच्या बऱ्याच भांडणांचं मूळ तिथेच आहे. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधलं. पुढे 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र होतं सुमारे 8,496 चौरस किलोमीटर. अख्खा सोलापूर जिल्हा 14,895 चौरस किलोमीटरचा, यावरून आवाका लक्षात येईल. ते क्षेत्र सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर, अशा दोन जिल्ह्यांत पसरलं होतं. त्यात वनखात्याची जमीन थोडी, आणि लोकांची शेती, गावठाणं, बाजारपेठा, रस्ते असंच जास्त. जिथे माळढोक पिढ्यान्‌पिढ्या कुणी पाहिला नाही, तिथल्या शेतकऱ्यालाही 'तुम्ही अभयारण्यात आहात' असं ऐकावं लागायचं.

हे क्षेत्र कमी करणं सोपं नव्हतं. अभयारण्याची किंवा राखीव वनाची अधिसूचना आपल्या परवानगीशिवाय मागे घ्यायची नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर 2000 चा आदेश होता. त्यामुळे प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं आणि शेवटी क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. मधल्या तीन दशकांत लोकांच्या मनात माळढोकाबद्दल जी अढी बसली, ती मात्र नकाशा बदलला म्हणून गेलेली नाही. पक्ष्यासाठी खरोखर लागणारा माळ नेमका आखून आधीच घेतला असता, तर माळही वाचला असता आणि लोकही बरोबर राहिले असते, असं आम्हाला मनापासून वाटतं.

व्यवहाराच्या दृष्टीनं यातून एकच गोष्ट लक्षात ठेवा. 'आपला गट अभयारण्यातून निघाला' किंवा 'अजून आहे' असं तोंडी सांगणाऱ्यावर विसंबू नका, मग तो गावचा पुढारी असो की कार्यालयातला ओळखीचा माणूस. 1979 ची आणि नंतर क्षेत्र कमी करणारी, अशा दोन्ही अधिसूचना डोळ्यांनी बघा.

राखीव वन, अभयारण्य आणि इको सेन्सिटिव्ह झोन. आम्हाला सगळं सारखंच वाटतं.

तिन्हीचे कायदे वेगळे आहेत, त्यामुळे वादाचं उत्तरही वेगळं निघतं.

राखीव वन हे 1927 च्या भारतीय वन कायद्याखाली ठरतं. जमीन सरकारची असते. तिथे वनेतर वापर करायचा तर 1980 च्या वन संवर्धन कायद्याच्या कलम 2 प्रमाणे केंद्र सरकारची पूर्वमान्यता लागते. हा कायदा 2023 च्या दुरुस्तीनंतर 'वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम' या नावानं ओळखला जातो.

अभयारण्य हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली जाहीर होतं. त्याच्या हद्दीत वनजमीन असते, आणि हक्कांचा निवाडा होऊन संपादन झालेलं नसेल तर खाजगी जमीनही असू शकते. जमीन तुमच्या नावावर आणि तरी अभयारण्यात, हे शक्य आहे. अशा जमिनीवरची तुमची मालकी जात नाही, पण वापरावर बंधनं येतात.

इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र, अभयारण्याच्या बाहेर असतं. ते 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली येतं. आपल्या अभयारण्याभोवती फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्रानं असं क्षेत्र जाहीर केलं, हद्दीपासून 400 मीटरपर्यंत. इथली शेती तुमचीच राहते, विक्रीही होते. बांधकाम, व्यवसाय, खाणकाम, आवाज आणि कचरा यांवर मात्र नियम लागू होतात.

सातबारा माझ्या नावावर आहे. मग फॉरेस्टचा संबंध येतोच कुठे?

सातबारा हा महसुली अभिलेख आहे. जमीन कुणाच्या कब्जात आहे आणि आकार कोण भरतो, हे तो सांगतो, आणि उलट सिद्ध होईपर्यंत तो खरा मानला जातो. पण तो मालकीचा अखेरचा पुरावा नाही. अधिसूचनेत तुमचा नंबर असेल आणि तलाठ्याकडे त्याची नोंद कधी घेतलीच गेली नसेल, तर सातबारा कोरा दिसला तरी अधिसूचना लागू राहते.

उलट बाजूही सांगायला हवी. 'इतर हक्क' या रकान्यात नुसतं 'वन' किंवा 'अभयारण्य' लिहिलेलं आहे म्हणून जमीन गेली, असंही होत नाही. ती नोंद कोणत्या फेरफारानं आली ते बघा. फेरफाराचा नंबर त्या नोंदीशेजारीच असतो. तो उतारा काढला की मागे कोणता आदेश आहे ते कळतं, आणि कधी कधी आदेशच सापडत नाही. लेखनातली चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदाराकडे दुरुस्ती मागता येते. वाद हक्काचाच असेल तर कलम 247 खाली अपील.

'खाजगी वन' असा शेरा असणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये गोदरेज अँड बॉइस प्रकरणात सांगितलं की, वन कायद्याच्या कलम 35 ची नोटीस नुसती काढली गेली, पण मालकाला बजावली गेली नाही आणि पुढे काही कारवाईही झाली नाही, तर तेवढ्यावरून जमीन वनखात्याची होत नाही. तुमच्या प्रकरणात नोटीस बजावल्याची पोच आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर 30 दिवसांत मिळायला हवं.

अधिसूचनेतला नंबर आणि आमचा गट नंबर जुळतच नाही. काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

जुन्या वन अधिसूचना सर्व्हे नंबरांनी लिहिलेल्या आहेत. त्यानंतर अनेक गावांत एकत्रीकरण योजना राबवली गेली आणि सर्व्हे नंबरांचे गट झाले. जुना सर्व्हे नंबर 112 आणि आजचा गट नंबर 112 यांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही. नंबर सारखा दिसला म्हणून शेतकरी हवालदिल होतो, आणि नंबर वेगळा दिसला म्हणून घेणारा बिनधास्त होतो. दोघांचीही फसगत होते.

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरण योजनेची पत्रकं असतात. तिथे '9(3), 9(4) चा उतारा' मागा. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता हिस्सा कोणत्या गटात गेला, ते त्यात दिसतं. त्याच्या जोडीला गटाचा नकाशा, जुनं टिपण आणि गावनकाशा घ्या. वनखात्याकडून राजपत्राची प्रत आणि त्यांचा हद्दीचा नकाशा मागा. हे सहा कागद एका टेबलावर पसरले की वादाचा बराचसा भाग तिथेच मिटतो. आजवर जे वाद सुटताना पाहिले, त्यांत दोन्ही बाजूंनी एकच नकाशा समोर ठेवून बोलायला सुरुवात केली, तिथूनच गाडी पुढे सरकली.

फॉरेस्टवाले म्हणतात कुंपण त्यांच्या हद्दीत आलंय. आम्ही म्हणतो आमच्यात आहे. मोजणी कशी करून घ्यायची?

उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे 'हद्द कायम' मोजणीचा अर्ज करा. अर्ज ऑनलाइनही होतो. शेजारी म्हणून वनखात्याचं नाव टाकायला विसरू नका. वनखातं लगतचं कब्जेदार आहे, त्यामुळे मोजणीची नोटीस त्यांना गेलीच पाहिजे. नोटीस न जाता झालेली मोजणी पुढे कुठेच टिकत नाही. आम्ही तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना स्वतंत्र पत्र देऊन संयुक्त मोजणीची विनंती करायला सांगतो, आणि त्या पत्रावर पोच घ्या.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक आधी खुणा शोधतो. शेताच्या बाजूला बांधाचे दगड असतात आणि वनाच्या बाजूला वनखात्याचे बुरूज, म्हणजे रचलेल्या दगडांचे ठरावीक अंतरावरचे ढीग. माळावर हे बुरूज ढासळलेले असतात, कधी गवतात झाकलेले, कधी कुणी बांधाला दगड हवे म्हणून नेलेले. म्हणून मोजणीच्या आधी वनरक्षकाबरोबर एकदा हद्दीवरून चालत जा. जे बुरूज सापडतील त्यांचे फोटो ठेवा. दोघांनाही मान्य असलेली एक खूण असली की मोजणीत पुढे वाद घालायला जागा कमी उरते.

मोजणी झाल्यावर 'क' प्रत मिळते. त्यात अभिलेखाप्रमाणे येणारी हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट अशा दोन रेषा दाखवलेल्या असतात. या दोन रेषांच्या मधली चिंचोळी पट्टी हाच तुमचा वाद. ती किती रुंद आहे आणि तिच्यात काय उभं आहे, एवढं बघा. तारेचं कुंपण असेल तर प्रश्न काही तासांचा आहे. बोअर, पाण्याची टाकी किंवा खोल्या असतील तर मोठा आहे.

मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे अपिलातली फेरमोजणी, मागता येते, आणि तीही मान्य नसेल तर जिल्हा पातळीवर सुपर निमताना. मोजणी मान्य नाही म्हणून रात्रीत कुंपण पुढे सरकवणं किंवा बुरूज हलवणं हा सरळ गुन्हा होतो, आणि मग तुमचा खरा हक्क असला तरी तो ऐकून घेणारा कुणी राहत नाही.

माळ तर पडीकच आहे. त्यात राखण्यासारखं काय आहे?

या प्रश्नाचा राग येत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या सरकारी कागदांनीच माळाला पडीक म्हटलंय. पण तो पडीक नाही. पवन्या, कुसळी अशा गवतांचा तो एक पूर्ण अधिवास आहे. माळढोकाची मादी साधारणपणे एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरटं न करता. तिला लांबवर दिसणारी मोकळी जमीन लागते. काही माळांवर विदेशी झाडांची लागवड केली गेली आणि त्यामुळे या पक्ष्याची जागाच आक्रसली. वरून जाणाऱ्या वीजतारा त्याला वेळेत दिसत नाहीत आणि तो त्यांवर आदळून मरतो. आज नान्नजला एखाद-दुसरा माळढोक दिसला तरी बातमी होते, इतकी वेळ आलेली आहे.

माळढोक दिसला नाही तरी इथे काळवीट आहे, लांडगा आहे, खोकड आहे, धाविक पक्षी आहे. थंडीत भोवत्या नावाचे शिकारी पक्षी हजारो किलोमीटरवरून येतात आणि याच गवतात जमिनीवर रात्र काढतात. पाऊस पडला की हा माळ पाणी धरतो, आणि खालच्या विहिरींना ते लागतं. पर्यटनाच्या धंद्याचा विचार केला तरी, शहरातला माणूस इथे येतो तो मोकळ्या आकाशासाठी आणि काळविटांच्या कळपासाठी. माळावर प्लॉट पडले की त्याला इथे यायचं कारणच उरणार नाही.

अभयारण्याच्या हद्दीत रिसॉर्टला परवानगी मिळू शकते का?

जवळजवळ नाहीच. वन्यजीव कायद्याच्या कलम 33 प्रमाणे व्यावसायिक निवासस्थानं, हॉटेलं, प्राणिसंग्रहालयं आणि सफारी पार्क यांना राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वमान्यता लागते. 2022 च्या दुरुस्तीनं सरकारी निवासस्थानंही यात आणली, हे चांगलं झालं. 'वरपर्यंत ओळख आहे, करून देतो' असं सांगून पैसे मागणाऱ्याला एवढंच विचारा की मंडळाच्या कोणत्या बैठकीत विषय ठेवणार आहात.

संवेदनशील क्षेत्रात हुर्डा पार्टी किंवा कृषी पर्यटन केंद्र चालतं का?

अशा अधिसूचनांचा साचा साधारण सारखा असतो. काही गोष्टींना बंदी, काहींवर नियंत्रण, काहींना प्रोत्साहन. अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटर किंवा संवेदनशील क्षेत्राची हद्द, यांतलं जे आधी येईल तिथपर्यंत नवीन व्यावसायिक हॉटेल वा रिसॉर्ट चालत नाही. पर्यावरण पर्यटनासाठीच्या छोट्या, तात्पुरत्या रचना त्यातून वगळलेल्या असतात. आपलं संवेदनशील क्षेत्र 400 मीटरपर्यंतच असल्यानं हा नियम त्या सगळ्या पट्ट्याला लागतो. स्थानिक माणसाला स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या वापरासाठी बांधकाम करण्याची, घरगुती निवासाची सोय ठेवण्याची मुभा अशा अधिसूचनांत असते. शेती, सेंद्रिय शेती, पावसाचं पाणी साठवणं यांना तर प्रोत्साहनच असतं.

याचा अर्थ, आपल्या ज्वारीच्या रानात आगटी पेटवून पाहुण्यांना हुर्डा, शेंगाचटणी, दही खाऊ घालणारा शेतकरी या कायद्याचा शत्रू नाही. राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा आणि संवेदनशील क्षेत्राच्या समितीकडून तुमच्या गटासाठी काय चालेल ते लेखी घ्या. अकृषिक परवानगी मिळाली म्हणजे ही संमती मिळाली असं होत नाही. दोन्ही वेगळ्या आहेत.

अडचण होते ती वेगळ्याच गोष्टींची. हुर्ड्याचा हंगाम थंडीतला, आणि त्याच दिवसांत लांडगीण बिळात पिलं घालते. डीजे, हॅलोजनचे दिवे, रात्री माळावर गाड्या घालणं, ड्रोन उडवणं यानं ती बीळ सोडते. उरलेलं अन्न उघड्यावर टाकलं की मोकाट कुत्री वाढतात, आणि कुत्र्यांकडून लांडग्या-खोकडांना रोग जातात. पावसाळ्यात हिरवळ बघायला गर्दी होते तो तर माळढोकाच्या विणीचा काळ. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहेच. आमचं म्हणणं, माळाच्या कडेच्या केंद्रांनी तो दिवसाही लावू नये. आगटीची ठिणगी वाळल्या गवतात गेली तर काय होतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

केंद्राकडे जाणारी वाट वनातून जाते. पाहुण्यांना अडवता येतं का?

अभयारण्याच्या आतली वाट असेल तर येतं. वन्यजीव कायद्याच्या कलम 27 प्रमाणे आत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेला माणूस, त्याच्यावर अवलंबून असलेले, आणि सार्वजनिक महामार्गानं जाणारे यांना जाता येतं. तुमचे पैसे देऊन आलेले पाहुणे यात बसत नाहीत, त्यांना कलम 28 चा परवाना लागतो. गाडीवाट रुंद करणं, मुरूम टाकणं हेही परवानगीशिवाय करू नका. जमीन घेताना दुसरा रस्ता आहे का, हे म्हणूनच आधी बघायचं.

आमच्या मेंढ्या या माळावर पिढ्यान्‌पिढ्या चरतात. रिसॉर्टनं कुंपण घातलं, फॉरेस्टनंही अडवलं. आम्ही कुठं जायचं?

या वादात सगळ्यात कमी ऐकला जाणारा आवाज धनगर बांधवांचा आहे, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. 2006 च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क स्पष्ट मान्य केलेला आहे, फिरत्या मेंढपाळांच्या हंगामी वापरासह. इतर पारंपरिक वननिवासी म्हणून दावा करायचा तर 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य आणि वनावरचं अवलंबित्व दाखवावं लागतं. दावा ग्रामसभेकडे करायचा, तिथून उपविभागीय आणि मग जिल्हास्तरीय समिती. पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनजमिनीच्या कब्जातून उठवता येत नाही.

खाजगी रानात पूर्वापार वाट असेल आणि ती कुंपणानं बंद झाली असेल, तर मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे अर्ज करा. मुदत सहा महिन्यांची आहे, उशीर करू नका. पर्यटन केंद्रवाल्यांनाही सांगणं आहे की मेंढ्यांची वाट सोडून कुंपण घाला. जाळीच्या सलग कुंपणानं काळविटांचीही वाट अडते.

वनखात्याची अतिक्रमणाची नोटीस आली. पहिलं काय करायचं?

नोटीस घ्या. नाकारू नका. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे आणि सही कुणाची आहे ते बघा. वन्यजीव कायद्याच्या कलम 34अ खाली अभयारण्यातल्या सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण काढायचा अधिकार सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला आहे, आणि म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय कारवाई करता येत नाही. तारखेला हजर राहा, लेखी म्हणणं द्या, मोजणीचा अर्ज केला असेल तर त्याची पोच जोडा आणि मोजणी होईपर्यंत थांबण्याची विनंती करा. दरम्यान नवीन बांधकामाची एक वीटही लावू नका.

दाद नेमकी कुठे मागायची? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

वाद कशाचा आहे त्यावर ते ठरतं. सातबारा, फेरफार आणि मोजणीचं काम महसूल आणि भूमी अभिलेखाकडे. जमीन कुणाची हा मूळ हक्काचा वाद असेल तर दिवाणी न्यायालयात, आणि सरकारविरुद्ध दावा करायचा म्हणून आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस.

वन संवर्धन कायदा किंवा पर्यावरण संरक्षण कायदा मोडला जात असेल, म्हणजे संवेदनशील क्षेत्रात बेकायदा रिसॉर्ट उभं राहत असेल, तर पुण्यातल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जाता येतं. वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. पुरेसं कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळू शकतात. वन्यजीव संरक्षण कायदा न्यायाधिकरणाच्या यादीत नाही. निव्वळ त्या कायद्याचा प्रश्न घेऊन तिथे गेलात तर परत पाठवतील. त्यासाठी उच्च न्यायालय. आनंदाची गोष्ट म्हणजे 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. आता त्यासाठी मुंबई गाठायला नको.

शेजारचं केंद्र उघड उघड वनात घुसलंय. आम्ही सामान्य गावकरी काय करू शकतो?

फोटो, तारीख आणि मोबाइलवर दिसणारं ठिकाण यांसह लेखी तक्रार द्या. ती वनपरिक्षेत्र अधिकारी आणि जिल्हाधिकारी, दोघांकडे द्या. जिल्हाधिकारी बहुतेक ठिकाणी संवेदनशील क्षेत्राच्या देखरेख समितीचे अध्यक्ष असतात. त्यातूनही हालचाल झाली नाही तर वन्यजीव कायद्याच्या कलम 55 प्रमाणे 60 दिवसांची नोटीस देऊन कुठलाही नागरिक थेट न्यायालयात तक्रार करू शकतो. हे कलम फार थोड्यांना माहीत आहे. तक्रार मोजणीच्या आधी असेल तर 'अतिक्रमण केलं' असं न लिहिता 'हद्द तपासावी' असं लिहा. शेजाऱ्याशी आयुष्य काढायचं असतं.

कोर्टकचेरी न करता समेट होऊ शकतो का?

होतो, पण कशाचा होतो हे समजून घ्या. वनजमिनीचा दर्जा वनपाल, सरपंच आणि मालक यांनी मिळून बदलता येत नाही, तो अधिकार त्यांच्याकडे नाहीच. मात्र कुंपण कुठे घालायचं, पाहुणे कुठल्या वाटेनं न्यायचे, कोणत्या महिन्यांत माळाच्या बाजूचा भाग बंद ठेवायचा, कचरा कुणी उचलायचा, वणवा लागला तर कुणी धावायचं, हे सगळं बसून ठरवता येतं. ग्रामसभेच्या ठरावात लिहून घेतलं की त्याला वजन येतं. दोन खाजगी मालकांमधला वाद असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज देऊन लोकअदालतीत मिटवता येतो, आणि तो निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो.

जवळचं उदाहरण बघायचं तर इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला पुणे वनविभागानं माळरान सफारी सुरू केली आहे. ठरलेल्या वाटेनं, नोंदणी करून, वाटाड्याबरोबर लोक लांडगे आणि चिंकारा बघतात. आपल्याकडे नान्नज, मार्डी, वडाळा, अकोलेकाटी परिसरातली पोरं माळ तळहातासारखा ओळखतात. त्यांना वाटाड्याचं काम मिळालं, तर माळ टिकावा ही इच्छा सरकारी पाटीपुरती उरणार नाही.

उजनीच्या काठावरही हेच नियम का?

नाही. तिथली बुडीत क्षेत्राची जमीन जलसंपदा खात्याची असते. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन पिकासाठी भाडेपट्ट्यानं मिळते, तिच्यावर पर्यटनाचं बांधकाम करता येत नाही. रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी तंबू किंवा उपाहारगृह टाकायचं असेल तर ते संपादन रेषेच्या वर, स्वतःच्या गटात टाका.

नवीन जमीन घेतोय. इसार देण्याआधी काय बघू?

तीस वर्षांचे फेरफार, 9(3)-9(4) चा उतारा, वनखात्याचा आणि संवेदनशील क्षेत्राचा नकाशा, आणि हद्द कायम मोजणी. इसारपावतीतच लिहून घ्या की मोजणीत जमीन वनहद्दीत निघाली तर रक्कम परत. विकणारा याला नको म्हणत असेल तर का म्हणतोय ते उघडच आहे. 'एनए (अकृषिक परवानगी) होऊन जाईल' हे शब्द कुठल्याच कागदावर नसतात.

केंद्र चालू आहे, कर्ज आहे, आणि मोजणीत दोन खोल्या वनहद्दीत निघाल्या. आता?

पैसा गेलेला असतो आणि कुटुंब त्यावर उभं असतं, त्यामुळे हे सगळ्यात कठीण आहे. तरी स्पष्टच सांगतो. वनजमिनीवरच्या त्या खोल्या दंड भरून नियमित होतील अशी आशा धरू नका. वनजमिनीसाठी केंद्राची मान्यता, आणि अभयारण्य असेल तर त्यावर राष्ट्रीय मंडळ, ही वाट खाजगी खोल्यांसाठी उघडत नाही. 2023 च्या दुरुस्तीत पर्यावरण पर्यटनाला सूट आहे, पण ती वनखात्याच्या मंजूर कार्य आयोजनेत किंवा व्यवस्थापन आराखड्यात असलेल्या सोयींना.

त्यापेक्षा स्वतःहून लेखी द्या की मोजणी मान्य आहे, बांधकाम अमुक मुदतीत काढतो. सामान काढून घेता येतं, जागेचा पंचनामा होतो, ताबा सोडल्याची पोच मिळते. त्या पोचेच्या जोरावर उरलेलं केंद्र, जे तुमच्याच गटात आहे, निर्धास्त चालवता येतं. बँकेलाही हे आधी कळवा, तारण क्षेत्रात फरक पडत असेल तर लपवून फायदा नाही.

आणि खरेदीखत काढून वाचा. त्यात जमीन निर्वेध असल्याची हमी असतेच, नसली तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे विकणाऱ्यावर ती गृहीत धरली जाते. जेवढं क्षेत्र कमी भरलं तेवढ्याची भरपाई विक्रेत्याकडून मागता येते. अशा दाव्यांना मुदत असते, साधारण तीन वर्षांची, म्हणून 'क' प्रत हातात आली त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा.